चुनखडीची तीन रूपे

संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन हे रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार शाळेत बहुधा व्याख्यांसह पाठ केले जातात. परंतु कोणते अणू कोणाशी जोडले गेले आणि कोणापासून सुटले, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर हे वर्गीकरण देते, ही गोष्ट चुन्यासारखा परिचित पदार्थ तपासल्यावर ध्यानात येते.

भट्टीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. एकाच पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ निर्माण करणाऱ्या अशा अभिक्रियेस अपघटन म्हणतात, आणि ती उष्णता शोषून घेत असल्यामुळे उष्माग्राहीही ठरते. चुन्याचा दाहकपणा भट्टीतील अग्नीचा अंश दगडात शिरल्याने येतो, असा समज युरोपात अठराव्या शतकातही प्रचलित होता. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी 1756 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वजने करून दाखवून दिले की दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू बाहेर पडतो. आजच्या हिशेबाने 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 56 ग्रॅम चुना उरतो व 44 ग्रॅम वायू जातो. म्हणजे संयोग की अपघटन, याचा निवाडा येथे डोळ्यांनी नव्हे, तर तराजूने केला.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतताच तो खदखदू लागतो, त्याची ढेकळे फुटतात आणि वाफा उसळतात, कारण दोन पदार्थ मिळून कॅल्शियम हायड्रॉक्साइड हा एकच पदार्थ तयार होण्याची ही संयोग अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी असते. जुन्या वाड्यांच्या भिंतींत वापरलेला हा विरलेला चुना पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो व घट्ट बनतो. मात्र या टप्प्यात पाणीही वेगळे होत असल्यामुळे त्याला निव्वळ संयोग म्हणता येत नाही; आम्लधर्मी ऑक्साइड व आम्लारी यांचे उदासिनीकरण म्हणूनच तो नीट समजतो. चार खाने अपुरे पडतात ते येथे.

याहून महत्त्वाचा भेद इलेक्ट्रॉनांचा आहे. चुन्याच्या या संपूर्ण चक्रात कॅल्शियमची ऑक्सिडीकरण स्थिती बदलत नाही आणि कार्बनचीही बदलत नाही. याउलट मॅग्नेशियमची फीत जळते तेव्हा तीही संयोग अभिक्रियाच असली, तरी मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन गमावते आणि ऑक्सिजन ते स्वीकारतो. म्हणजे ऑक्सिडीकरण व क्षपण एकाच वेळी घडतात. मोरचुदाच्या द्रावणात जस्त टाकल्यावर निळा रंग फिका होत जातो व जस्तावर तांब्याचा लालसर थर बसतो, त्या विस्थापनातही हेच देणेघेणे असते. मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट मिसळल्यावर पांढरा अवक्षेप खाली बसतो, त्या दुहेरी विस्थापनात मात्र आयन केवळ जोडीदार बदलतात आणि एकही इलेक्ट्रॉन हात बदलत नाही.