चौकट शासनाची, नियत आपली

सोलापुरात विड्या वळून वा यंत्रमागावर राबून जगणाऱ्या वस्त्यांत माणसे संघटित होतात ती पुष्कळदा शासकीय योजनेच्या निमित्ताने. कुंभारीचे रे नगर हे त्याचे ठळक उदाहरण. असंघटित कामगारांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढल्या, त्यांचा महासंघ झाला, प्रधानमंत्री आवास योजनेतून ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील १५,००० घरांचे लोकार्पण झाले. एकट्या कामगाराच्या अर्जाने हे साधले नसते. म्हणून योजनेने दिलेल्या चौकटीला तुच्छ लेखणे योग्य नव्हे.

परंतु चौकट माणसांनाही घडवते. २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील बचतगट साधारणतः १० ते २० महिलांचा असे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्याची पंचसूत्री. शिस्त उत्तमच, पण गटाची प्रतिष्ठा परतफेडीवर ठरू लागली की, जिचा हप्ता चुकण्याचा संभव अधिक, तीच ओझे वाटू लागते. आमच्या मोहल्ल्यातील एका विधवा विडी कामगार भगिनीला याच कारणाने गटात घेतले गेले नाही. नकार देणाऱ्या भगिनी निर्दय नव्हत्या. गटाचे नाव खराब होईल, एवढेच भय त्यांना होते. जिला आधाराची सर्वाधिक गरज, तीच बाहेर राहिली.

येथे हिल्फुल फुजूलचे स्मरण होते. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या मालाचे मोल मक्केच्या एका सरदाराने बुडविले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही कुळांनी करार केला : पीडित मक्केचा असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहायचे. प्रेषित मुहम्मद (स.) त्यात सहभागी होते आणि प्रेषितत्वानंतरही त्यांनी त्या कराराचा गौरव केला. तो अज्ञानकाळातील लोकांनी केलेला होता, म्हणून त्यांनी तो त्याज्य मानला नाही. चौकट कोणाची, यापेक्षा ती कोणाच्या कामी आली, हे मोलाचे.

पवित्र कुरआन (५:२) सदाचार व ईशभयाच्या कामी परस्परांना साहाय्य करण्याचा आदेश देतो. मग त्या भगिनीला गटात घ्यावे आणि तिचा हप्ता चुकलाच तर तो मोहल्ल्याच्या सदक्यातून भरावा, हे आपल्याला अशक्य आहे काय? कार्यालय वहीतील हिशेब तपासील. वहीबाहेर राहिलेल्या शेजाऱ्याचा जाब मात्र आपल्यालाच द्यायचा आहे. अल्लाह आम्हांस त्याची जाणीव देवो. आमीन.