मळ आणि झीज

जी जागा कोणाच्या दृष्टीस पडावयाची नाही ती स्वच्छ करणे हे कर्तव्य आहे, की ती केवळ हौस आहे? आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण मोटारदुरुस्तीच्या धंद्यात आहेत, व त्यांच्यापुढे हा प्रश्न रोज उभा राहतो. वाचक म्हणतील, पाना हाती धरणाऱ्याच्या ह्या प्रश्नाशी आम्हां शेतकऱ्यांचा किंवा उपदेशकांचा काय संबंध? संबंध आहे, व तो जवळचा आहे, असे आम्हांस वाटते. यास्तव आज एका जुन्या गिअरपेटीवरून थोडा विचार करू.

ऊस, कांदा, विटा वाहणाऱ्या मालमोटारी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. १९५४ साली जमशेदपूर येथे टाटांच्या कारखान्यात जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने अशा गाड्या बनू लागल्या, त्यास आता सत्तर वर्षे होऊन गेली. गाडी जुनी झाली आणि तिची गिअरपेटी निकामी झाली, म्हणजे मालकास नवी पेटी परवडत नाही. मग तो मोडीत निघालेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीची पेटी विकत आणितो. ती पेटी कोणत्या रस्त्यांनी गेली, तिच्यावर किती ओझे पडले, तिच्यात वेळेवर तेल घातले की नाही, हे काहीच त्यास ठाऊक नसते. अशी पेटी मिस्त्रीच्या दारात येऊन पडते. हंगाम चालू असतो, गाडी उभी असल्यामुळे रोजची कमाई बुडत असते, आणि मालक घाई करीत असतो.

अशा वेळी मिस्त्रीपुढे दोन वाटा असतात. पहिली अगदी सोपी: पेटी बाहेरून पुसावी, वर रंगाचा हात द्यावा, जुने तेल सोडून नवे भरावे आणि ती गाडीस बसवावी. दुसरीत श्रम आहेत. प्रथम बाहेरची माती व चिकटा खरवडून धुवावा, नाही तर झाकण काढताच तीच माती आत पडावयाची. मग खालची चाकी काढून तेल भांड्यात धरावे आणि ते निरखून पाहावे. पुष्कळ पेट्यांच्या ह्या चाकीस लोहचुंबक असते. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असला तर ती नित्याची झीज होय. पण बोटास टोचणारे कण किंवा पोलादाचा कपचा लागला तर एखादा दात फुटला आहे असे समजावे. तेलात पिवळ्या धातूचा चुरा चमकत असला तर गिअर सुरळीत पडावे म्हणून आत ज्या कड्या असतात त्या झिजल्या आहेत. आणि तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. नंतर झाकण काढून रॉकेलने किंवा डिझेलने आतील कोपरान् कोपरा धुवावा. पेट्रोल वापरू नये, कारण ते क्षणात पेट घेते. ज्याचे धागे सुटतात असे फडके आत घालू नये. बेअरिंगे धुऊन, वाळवून, लागलीच तेलात माखावी. हवेच्या फवाऱ्याने ती कोरडीच गरगर फिरवू नयेत. जुने पॅकिंग खरवडून नवे बसवावे, ऑइल सीले बदलावी, आणि पेटीच्या माथ्यावरील श्वासाचे छिद्र मोकळे करावे. हे छिद्र बुजले तर पेटी तापताच आतील दाब वाढतो आणि तेल सीलांतून बाहेर येऊ लागते.

पहिल्या वाटेने जाणारा विचारतो, “हे सर्व कोण पाहणार आहे? नवे तेल घातले, एवढे पुरे नाही काय?” ह्याचे उत्तर पेटीची रचनाच देते. फिरणाऱ्या दोन दातांमध्ये तेलाचा एक पडदा असतो. तो केसाहूनही कित्येक पटींनी पातळ असतो, आणि सारे ओझे त्या पडद्यावर तोलले जाते. त्या पडद्याहून जाड असा एक पोलादी कण मध्ये आला की तो दोन्ही दातांस ओरखडतो; त्या ओरखड्यातून नवे कण निघतात; ते पुढे बेअरिंगांत शिरतात. तळाचा गाळ तळाशी स्वस्थ बसत नाही. गाडी चालू लागली की चाके तो घुसळून वर आणितात, आणि काल ओतलेले सोन्यासारखे तेल त्याच गाळाचे वाहन होते. आणखी असे की, बाकावर उघडी असता जी पेटी सहज धुता आली असती, ती उद्या घाटात आवाज करू लागली म्हणजे गाडीखाली निजून पुन्हा उतरवावी लागते.

प्रिय वाचकहो, आता आपण आपल्याकडे वळू. आमच्यांतील कित्येकांनी नवे नाव घेतले, नवी गीते शिकली, शब्बाथाच्या दिवशी शुभ्र वस्त्रे घालून मंदिरात येऊ लागले. हे सर्व चांगले आहे. परंतु शेजाऱ्याचा बांध कोरून जी दोन हात जमीन आपल्या शेतात घेतली, ती अद्याप आपल्याच नांगराखाली आहे. भावाशी वाटणीवरून जे वैर पडले, ते अद्याप तळाशी आहे. कोणी ही गोष्ट काढली तर आम्ही म्हणतो, “प्रभूने सर्व क्षमा केली, मग जुने उकरून का काढावे?”

हा आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. देवाची क्षमा फुकट आहे, ती आमच्या धुण्यापुसण्याने विकत मिळत नाही, हे आमच्या विश्वासाचे मूळ आहे. ते कोणी ढळवू नये. पण पेटीचाच क्रम पाहा. मालक पेटी आधी स्वच्छ करून मग विकत घेतो असे होत नाही. तो ती भंगारातून, चिखलाने भरलेली, जशी आहे तशी, दाम मोजून घेतो, आणि आपली म्हणून घरी आणितो. ती त्याची झाली, म्हणूनच तो ती धुतो. धुणे ही खरेदीची किंमत नसून खरेदीचे फळ आहे. जक्कयाच्या गोष्टीतही हाच क्रम आहे: प्रभु आधी त्याच्या घरी उतरला, आणि त्यानंतर जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याची भाषा केली. देवाच्या क्षमेने आमचा दोष गेला. परंतु शेजाऱ्याची जमीन आपोआप बांध ओलांडून परत जात नाही. ती आम्हीच सोडली पाहिजे. जो म्हणतो की क्षमा मिळाली म्हणून परत देण्याचे कारण उरले नाही, तो क्षमेचे नवे तेल जुन्या गाळावर ओतीत आहे.

येथे दुसरी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चांगला मिस्त्री मळ आणि झीज ह्यांत भेद करितो. मळ काढून टाकावयाचा असतो. झीज ओळखून तिचा मान राखावयाचा असतो. वर्षानुवर्षे एकत्र फिरलेले दोन दातेरी गिअर एकमेकांच्या अंगास अंग घासून जुळलेले असतात. त्यांतील एकच काढून त्याजागी कोरा घातला तर पेटी कण्हू लागते. म्हणून बदलावयाचे तर ती जोडीच बदलतात. नवशिका मात्र जे जे जुने दिसते त्यास घाण समजतो, आणि चांगले भाग फेकून देतो. मंडळीतही असेच घडते. एखाद्या वडिलांचे बोलणे संथ आहे, एखाद्या विधवेस वाचता येत नाही, एखाद्या उपदेशकाची प्रार्थना जुन्या वळणाची आहे. ही झीज आहे, हा दोष नव्हे. आणि जो मनुष्य आपली साधी दुर्बलताही पाप मानून रात्रंदिवस स्वतःस खरवडीत बसतो, त्यासही आम्ही हेच सांगतो की, बाबा, धुऊन झाल्यावर झाकण लाव आणि कामास लाग.

ह्या भेदाविषयी आमच्या लोकांनी विशेष जागृत असावे, कारण ह्या देशात पिढ्यान् पिढ्या आमच्या वाडवडिलांच्या जन्मासच मळ म्हटले गेले. ज्यांच्या हातांनी गावाची गुरे ओढली, गावाचे रस्ते झाडले, ते हात अशुद्ध ठरले. आणि ज्यांनी त्यांचे वेतन बुडविले त्यांचे हात शुद्ध राहिले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. तरी मनांच्या तळाशी तिचा गाळ अद्याप आहे. सोयरीक जुळविताना तो आमच्या मंडळ्यांतही वर येतो, हे आम्ही लपवू नये. प्रभूने स्पष्ट शिकविले की, बाहेरून जे लागते त्याने मनुष्य विटाळत नाही. अंतःकरणातून जे निघते त्याने तो विटाळतो. मिस्त्रीचे हात तेलाने काळे होतात, ते साबणाने निघते. पण आत तुटका दात आहे हे ठाऊक असूनही जो पेटी रंगवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालितो, त्याचे हात पांढरे असले तरी तो मळलेला आहे.

शेवटी, धुऊन काढलेले ते काळे तेल जाते कोठे? पुष्कळ ठिकाणी ते ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या मातीत ओततात, आणि तेथून ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाते. २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असे तेल परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. म्हणून ते डब्यात साठवून द्यावे. आपली पेटी धुताना दुसऱ्याचे पाणी नासविणे ही स्वच्छता नव्हे. पापकबुलीची रीतही अशीच आहे. कित्येक जण सभेत उभे राहून आपले पाप सांगता सांगता दुसऱ्या चौघांची अब्रू सांडून बसतात. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे एकांती जावे, देणे असेल ते द्यावे, आणि उरलेले देवापाशी ओतावे.

पेटी बसवून झाली, भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत तेल भरले, गाडी काहीशे किलोमीटर धावली, म्हणजे जाणता मिस्त्री ते तेल पुन्हा एकदा सोडून पाहतो. कारण कोपऱ्यांत राहिलेले थोडेसे आता सुटून आलेले असते. प्रभुभोजनाच्या आधी आत्मपरीक्षा करावी असे आम्हांस सांगितले आहे, ते ह्याचसाठी. तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपल्या तळाची चाकी एकदा काढून पाहावी. जे झिजले आहे त्याबद्दल लाजू नये. जे मळले आहे ते राखू नये. आणि कोणाचा बांध आपल्या शेतात आला असेल, तर मेजापाशी येण्याआधी तो दगड उचलून त्याच्या जागी ठेवून यावे.