दोन गडी आणि एक चर

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. त्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामासाठी चर खणायचा होता. मुकादमानं दोन गडी लावले, एक तरणा आणि एक म्हातारा. काठावर वही-टेप घेऊन पुरातत्त्वाच्या बाई बसल्या. त्या म्हणाल्या, "काही दिसलं की हात थांबवा, मला हाक मारा."

मुकादमाला राहवलं नाही. "ज्याला भारी काही गावंल, त्याला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण!"

दुपारी तरण्याच्या कुदळीला काहीतरी लागलं. त्यानं हिसका मारून एक अख्खं मडकं उपसलं, बादलीत घासूनपुसून लखलखीत केलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"कुठं मिळालं?"

"चरात की."

"किती खोल? वरची माती कसली होती, राखेची की पिवळी?"

तरणा डोकं खाजवू लागला. तिथली माती केव्हाच ढिगाऱ्यात मिसळली होती.

संध्याकाळी म्हाताऱ्याला तीन विटा दिसल्या, ओळीनं बसवलेल्या. त्यानं कुदळ बाजूला ठेवली, हाक मारली आणि तंबाखू मळत बसून राहिला. बाई ब्रश घेऊन चरात उतरल्या. विटांखाली भिंत निघाली. त्यांनी खोली मोजली, मातीचे थर वहीत काढले आणि वर येऊन म्हणाल्या, "जेवण मामांना."

तरणा उसळला. "मी अख्खं मडकं आणलं आणि ह्यांनी तीन विटा?"

"१९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी हे टेकाड खणलं," बाई म्हणाल्या. "वर बहामनी काळ लागला, खाली सातवाहनांचा. मधे हजाराहून जास्त वर्षं, आणि खणताना फरक काही हातांचाच. तुझं मडकं कुठल्या काळातलं, ते आता घडणीवरून नुसतं ताडायचं. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये काशाचा रोमन समुद्रदेव आहे, वीतभरही उंच नाही. तो याच टेकाडात सापडला हे माहीत आहे, म्हणून तर हे गाव रोमपर्यंतच्या व्यापारात होतं हे कळतं. नाहीतर बाजारातल्या बाहुलीत आणि त्याच्यात फरक काय? वस्तूपेक्षा तिची जागा मोठी, बाळा."

तरणा थोडा वेळ मडक्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, धुतलेली माती परत लावून देऊ का?"

बाईंना हसू आवरेना. मुकादमानं मात्र जेवणाचं ताट एकच सांगितलं.