एकाच नावाच्या दोन गल्ल्या

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत वीस संगणकांची लॅब होती. लॅबच्या कोपऱ्यात, कपाटाशेजारी, एक जुना संगणक दिवसरात्र चालू असे. त्याला दोन नेटवर्क कार्डं होती: एक बाहेर इंटरनेटकडे, दुसरं आतल्या वीस संगणकांकडे. लिनक्सवर चालणारा हा गेटवे दोन कामं करी. नको त्याला दारातच अडवायचं, हे फायरवॉलचं काम. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा घरगुती पत्ता काढून तिथे स्वतःचा पत्ता घालायचा आणि उत्तर आलं की ते ज्याचं त्याला पोचतं करायचं, हे पत्ताबदलाचं काम.

सोमवारी सकाळी नववीचा तास सुरू झाला आणि एकाही संगणकावर नेट येईना. संगणकाचे सर तरुण आणि कामसू होते. ते तडक गेटवेपाशी गेले. तिथून पिंग केलं, तर बाहेरचा सर्व्हर व्यवस्थित उत्तर देत होता. "म्हणजे नेट चालू आहे. हा फायरवॉलच मुलांना अडवतोय," असं त्यांनी ठरवून टाकलं. एक नियम काढला, फरक पडला नाही. दुसरा काढला, तिसरा काढला. शेवटी वैतागून त्यांनी सगळेच नियम पुसले आणि दार सताड उघडं टाकलं. तरीही नेट आलं नाही.

दुपारी त्यांनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना बोलावलं. काका गेटवेकडे वळलेच नाहीत. ते पहिल्या बाकावरच्या मुलीशेजारी जाऊन बसले.

"केबलचा दिवा लागलाय का, बाळ?"

"हो, काका."

"तुझ्या संगणकाचा पत्ता काय?"

"१९२.१६८.१.२५."

"आता शेजारच्या संगणकाला पिंग कर." उत्तर आलं. "म्हणजे केबल, स्विच सगळं ठीक. आता गेटवेच्या आतल्या बाजूला, १९२.१६८.१.२५४ ला कर."

पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या. उत्तर एकाचंही नाही.

काका सरांकडे वळले. "सर, आपण वेशीबाहेरचा रस्ता शोधतोय आणि इथे उंबरठ्यापर्यंतही पोचता येत नाही. नियम तर तुम्ही सगळे काढलेत. मग अडवतंय कोण? फायरवॉल तर नक्कीच नाही."

मग ते गेटवेपाशी गेले आणि टीसीपीडम्प लावून आतल्या कार्डावरची ये-जा बघू लागले. मुलीच्या संगणकाची हाक नीट आत येत होती, पण उत्तर त्या वाटेने जात नव्हतं. त्यांनी बाहेरच्या कार्डावर नजर टाकली आणि थांबले. गेटवे बाहेरच्या बाजूला पुन्हा पुन्हा विचारत होता: १९२.१६८.१.२५ कोण आहे? १९२.१६८.१.२५४ ला सांगा.

"मुलगी आत बसलीय आणि हा तिला बाहेर हाका मारतोय," काका म्हणाले. "शनिवारनंतर इथे काय बदललं?"

सर विचारात पडले. मुलगीच म्हणाली, "शनिवारी नेटवाल्यांनी नवीन डबा बसवला ना, काका."

काकांनी मार्गांचा तक्ता उघडला. त्यात दोन ओळी होत्या, दोन्ही १९२.१६८.१ च्या जाळ्याच्या. पहिली बाहेरच्या कार्डाची, दुसरी आतल्या कार्डाची. नव्या मोडेमने गेटवेच्या बाहेरच्या बाजूला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला होता.

"सर, इंटरनेटच्या १९९६ सालच्या नियमांत पत्त्यांचे तीन पट्टे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. ते कुणीही वापरावेत, म्हणून घरोघरी तेच पत्ते दिसतात. त्यात काही बिघडत नाही. पण एकाच दाराच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे तेच जाळं आलं, की गेटवे गोंधळतो. एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या तर पोस्टमन तरी काय करणार? पहिली दिसेल तिथे पत्र टाकणार."

आतलं जाळं १०.२०.३० वर न्यायचं ठरलं. काकांनी गेटवेचा आतला पत्ता बदलला आणि वीसही मुलांनी आपापल्या संगणकाचा पत्ता स्वतः बदलला. मुलीने पुन्हा पिंग केलं. गेटवेने लगेच उत्तर दिलं आणि वर्गात टाळ्या पडल्या.

पण बाहेरचा सर्व्हर अजूनही उत्तर देत नव्हता. सरांचा चेहरा उतरला. काकांनी शांतपणे बाहेरच्या कार्डावर पुन्हा पाहिलं. पॅकेट बाहेर जात होतं, पण त्यावर १०.२०.३०.२५ हाच घरगुती पत्ता तसाच होता. मोडेमला ते जाळं ठाऊक नव्हतं, मग उत्तर परत कुठे पाठवणार?

सर हळू आवाजात म्हणाले, "पत्ताबदलाचा नियमही मी सकाळी पुसला."

"ठीक आहे," काका म्हणाले. "पहिला बिघाड नव्या डब्याने आणला, दुसरा आपण आपल्या हाताने केला. लिहून ठेवलेले नियम आहेत का?"

सुदैवाने जुन्या नियमांची एक प्रत शिल्लक होती. त्यातलं आतलं जाळं बदलून काकांनी नियम एकेक करून परत घातले आणि प्रत्येक नियमानंतर मुलीला पिंग करायला लावलं. पत्ताबदलाचा नियम आला आणि नेट सुरू झालं. पहारा जागेवर बसल्यावरही ते चालूच राहिलं. मग सरांनी लॅबच्या वहीत तारीख घालून, काय बदललं आणि का, ते सविस्तर लिहून ठेवलं.

तात्पर्य: बिघाड शोधताना जवळून सुरुवात करावी. आधी आपली केबल, मग शेजारी, मग उंबरठा, आणि त्यानंतर बाहेरचं जग. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्यापूर्वी नीट पाहावं. पाहण्याआधी जो पुसायला लागतो, तो चोर सोडून संन्याशाला फाशी देतो आणि वर घराचा पहाराही घालवून बसतो.