मजबूत रुपया कोणाचा?

रुपया घसरला की वर्तमानपत्रांतून सुतकी सूर लागतो. 2022 साली डॉलर 80 रुपयांच्या वर गेला तेव्हाही लागला होता. जळगावच्या सराफ बाजारात या घसरणीचा अर्थ त्याच दिवशी कळतो. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये असतो. तो रुपयात आणून वर आयातशुल्क चढवले की इथला भाव तयार होतो. कापसाचाही जागतिक भाव डॉलरमध्येच असतो, पण खेडा खरेदीला आलेला व्यापारी रुपया पडला म्हणून त्या दिवशी भाव वाढवून देत नाही. खान्देशातला शेतकरी कापूस विकतो आणि लग्नाकार्याला सोने घेतो. रुपयाची घसरण त्याच्याकडून लगेच वसूल होते. त्याच्या पदरात पडायची ती उशिरा पडते, कधी पडतच नाही.

मग मजबूत रुपया त्याच्या भल्याचा का? इतिहास तसे सांगत नाही.

1835 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयात 165 ग्रेन शुद्ध चांदी असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, भाव कडाडले आणि कापूस पिकवणाऱ्या खान्देशालाही त्या तेजीचा हात लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे चलन धरले, चांदी उतरत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही. 1871 च्या सुमारास पौंडाला 10 रुपये पडत. 1892 पर्यंत 16 पडू लागले. परदेशी बाजारात मालाचे भाव उतरत असताना पडत्या रुपयाने इथल्या शेतकऱ्याला थोडा आडोसाच दिला, कारण शेतसारा रुपयांत ठरलेला होता. अडचण झाली ती सरकारची. लंडनचा खर्च, पेन्शनी आणि व्याज पौंडांत भागवायचे होते. म्हणून 1893 मध्ये टाकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची मुभा बंद झाली आणि पुढे रुपया 1 शिलिंग 4 पेन्सांवर बांधला गेला.

1927 साली तो 1 शिलिंग 6 पेन्सांवर चढवला. दोन पेन्सांचा हा फरक हिशेबात मांडून पाहावा. कापूस विकून मिळालेल्या एका पौंड चलनाचे 15 रुपये यायचे, ते 13 रुपये 5 आणे 4 पै झाले. सारा आणि सावकाराचे देणे मात्र होते तेवढेच राहिले. मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगात याला लेखी विरोध केला होता. तो मानला गेला नाही. रुपयाच्या मजबुतीत ज्यांना राष्ट्राभिमान दिसतो त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तो रुपया मजबूत करणारे सरकार आपले नव्हते.

दोनच वर्षांत जागतिक मंदी आली. 1931 मध्ये इंग्लंडने सोन्याचे चलन सोडले, रुपया पौंडालाच बांधलेला राहिला, सोन्याचा भाव चढला आणि देशभरातल्या कर्जबाजारी घरांतून दागिने बाहेर पडून जहाजांवर चढले. सरकारला ते व्यापाराचे यश वाटले. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तिथे सारा आणि कर्ज हे कळीचे प्रश्न होते, यात नवल नाही.

1966 चे अवमूल्यन (डॉलर 4.76 वरून 7.50 रुपये) आणि 1991 चे, दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा मुद्दा त्यांच्या पुढचा आहे. दर पडो वा चढो, मधल्या फरकाचा धनी ज्याच्याकडे माल थांबवून ठेवण्याची ऐपत आहे तोच होतो. जिनिंगवाला गाठी राखू शकतो. वेचणीची मजुरी आणि खताची उधारी डोक्यावर असलेला माणूस दिवाळीच्या तोंडावर कापूस देऊन टाकतो.

आणि जिथे कमजोर रुपया खरेच त्याच्या कामी आला असता, तिथे सरकार मध्ये येते. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले आणि ही सूट वर्षअखेरपर्यंत लांबवली. धुळे-जळगावात नवा कापूस घरी येतो तो याच महिन्यांत. पडत्या रुपयाने परदेशी गाठ महाग होत होती, ती शुल्कमाफीने स्वस्त झाली. सोन्यावरचे 6 टक्के शुल्क मात्र त्या लग्नसराईतही कायम होते.