चेंडू आणि मातीचा पेला

स्पर्शदोष, म्हणजे विशिष्ट माणसाच्या वा वस्तूच्या स्पर्शाने लागते असे मानलेले अशुद्धत्व, याविषयी धर्मशास्त्राचे नियम जितके कडक आहेत तितकेच त्यांचे अपवाद बोलके आहेत. देवयात्रा, विवाह, यज्ञ आणि उत्सव या प्रसंगी शिवाशिव मानू नये, असे अत्रिस्मृती सांगते. दोष खरोखरच स्पर्शात असेल, तर प्रसंग पाहून तो नाहीसा कसा होतो?

ठाणे-कल्याण परिसराला हा प्रश्न आगगाडीने फार लवकर विचारला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत गाडी धावू लागली, तेव्हा तिकिटाला जात नसल्याने कोणाच्या शेजारी कोण बसेल हे ठरवणे कोणाच्याच हाती उरले नाही, आणि प्रवासापुरता नियम बाजूला ठेवून घरी परतल्यावर स्नानाने सोवळे सावरण्याची तडजोड रूढ झाली. डोंबिवलीच्या फलाटावरून खांद्याला किट अडकवून मुंबईच्या मैदानांकडे निघणारी मुले आज त्याच मार्गाने जातात.

ज्या मैदानांकडे ती जातात, तेथे चर्मकार समाजातील बाळू पालवणकर (१८७६-१९५५) यांच्या कारकिर्दीत या प्रश्नाची कसून परीक्षा झाली. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर तुटपुंज्या पगारावर राबत, सरावाला येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली; युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, म्हणून तेथील हिंदू संघाने त्यांना घेतले, परंतु चहा त्यांना पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या पेल्यातून दिला जाई. हा पेला साधा नाही. द्रव्यशुद्धीच्या, म्हणजे वस्तू शुद्ध करून घेण्याच्या नियमांनुसार धातूचे भांडे घासून पुन्हा वापरता येते, मातीचे मात्र थुंकी लागून विटाळल्यावर टाकूनच द्यावे लागते.

चेंडू मात्र कोणी टाकून दिला नाही. तो कातड्याचा, म्हणजे ज्या वस्तूच्या कामावरून या समाजाला हीन लेखले गेले त्याच वस्तूचा. गोलंदाज त्याला घाम आणि थुंकी लावून चकाकवत, आणि तोच चेंडू क्षणभरात सवर्ण यष्टिरक्षकाच्या हाती जाई. उष्ट्याचा विचार खरोखर लाळेपाशी सुरू होत असता, तर पेल्याआधी चेंडू वर्ज्य ठरला असता. सामन्याला उत्सवाचा अपवाद लागू केला असे म्हणावे, तर विश्रांतीचे सत्र सुरू होताच तो संपे. अपवाद माणसाला आत घेत नाही, केवळ त्याचे कौशल्य आत घेतो, आणि नियमाला धक्का न लागू देता त्याचा लाभ उठवतो. या व्यवस्थेतील अन्याय येथे उघडा पडतो.

पुढे मुंबईत, १९०६ मध्ये, तेथील हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईत पंगतीचे बंधन सैलावत गेले, तरी कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. येथे स्पर्शाचा प्रश्नच नव्हता, कारण चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवण्यात कोणी कोणाला शिवत नाही. म्हणजे अडसर अशुद्धतेचा नव्हता, आज्ञा कोणी करावी आणि ती कोणी पाळावी याचा होता. १९२० मध्ये संघातून बाळूंना वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. तोवर बाळूंचे खेळण्याचे दिवस सरले होते.