मालक की कारभारी?



एखादी वस्तू 'आपली' आहे म्हणजे नेमके काय? ती हवी तशी वापरण्याचा हक्क, की तिच्याबद्दल जाब देण्याची जबाबदारी? हा प्रश्न स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एग या लहानशा बेटाने प्रत्यक्ष जगून पाहिला आहे. इ. स. ६१७ मध्ये संत डोनन आणि त्यांचे सोबती याच बेटावर रक्तसाक्षी झाले.

हे बेट पिढ्यान्‌पिढ्या एकेका धनिक जमीनदाराच्या मालकीचे असे. मालक बदलत, बेट विकले जाई. रहिवाशांना कुणी विचारत नसे. राहत्या घराचा करारच पक्का नसेल, तर छप्पर दुरुस्त करण्याची उमेद कुठून येणार? अखेर रहिवाशांनी तेथील परिषद आणि एका वन्यजीव संस्थेच्या साथीने विश्वस्त संस्था स्थापन केली. हजारो लोकांनी देणग्या दिल्या, एका निनावी दात्याने मोठा वाटा उचलला आणि १२ जून १९९७ रोजी सुमारे १५ लाख पौंडांना घेतलेले बेट रहिवाशांच्या हाती आले. तेव्हा तिथे ६५ च्या आसपास माणसे होती. आज शंभराहून अधिक आहेत.

आम्हाला मात्र पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. २००८ पर्यंत तिथे घरोघरी डिझेलची जनित्रे धडधडत. त्या वर्षी पाणी, वारा आणि ऊन यांपासून वीज देणारी बेटाची स्वतःची यंत्रणा सुरू झाली. ती सर्वांना पुरावी म्हणून नियम ठरला: एका घराने एका वेळी ५ किलोवॉटपेक्षा अधिक वीज घ्यायची नाही. जमीनदाराने हाच नियम लादला असता तर तो जुलूम वाटला असता. सर्वांनी एकत्र बसून ठरवला, म्हणून तो शेजारधर्म झाला.

कुणी म्हणेल, चार माणसे जमली की पाच मते होतात. खरे आहे. विश्वस्त होणे म्हणजे लांबलेल्या सभा, हिशेबाच्या वह्या आणि पुष्कळ सहनशीलता. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात शिकवले, की लहान समाजाला जे स्वतः करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. या शिकवणुकीला दुसरी बाजूही आहे: मग ते काम लहान समाजाने खरोखर केले पाहिजे.

आपल्या वसईतली बावखले आठवा. वाडीला पाणी मिळावे म्हणून पूर्वजांनी ती खोदली आणि अनेक कुटुंबांनी ती मिळून वापरली. त्यांतली कित्येक आज बुजली. सातबाऱ्यावर नाव शोधायला आपण सारे तत्पर असतो. गाळ काढायच्या दिवशी किती जण येतो?

भूमी परमेश्वराची आहे, आपण तिचे कारभारी आहोत, हे आपण वेदीसमोर मान्य करतो. गावकीच्या पुढच्या बैठकीतही ते मान्य करू या, आणि उन्हाळ्याआधी निदान एका बावखलाचा गाळ मिळून काढू या.